ब्लिसीचे ईव्ही एचपीत नको, डिफेन्सला द्या

नाशिकमधल्या तुमच्या ग्रुपात सगळेच पोकेमॉन गेममध्ये आक्रमक टीम लावत असतील, तर बचावाला ब्लिसी ही भरपूर एचपी (जीव) असलेली पोकेमॉन ठेवाच. फक्त तिचे 252 ईव्ही (सरावाने मिळणारे, आपण वाटायचे पॉइंट) एचपीत घालू नका. लेव्हल 100 ला, आयव्ही (जन्मजात पॉइंट) कमाल म्हणजे 31 धरून, एचपी 651 चा 714 होतो. वाढ जेमतेम दहा टक्के. तेच ईव्ही डिफेन्सला, म्हणजे फिजिकल हल्ल्यांपासूनच्या बचावाला, दिले की 56 चे थेट 119 होतात आणि फिजिकल मार निम्म्याहून कमी बसतो! बोल्ड नेचर (डिफेन्स वाढवणारा स्वभाव) असेल तर 130. तरीही क्लोज कॉम्बॅट या जबर फायटिंग हल्ल्यासमोर तिला उभी करू नका, तिथे घोस्ट टाइपचा साथीदार आत आणा, त्याला फायटिंग हल्ले लागत नाहीत. टाँट (फक्त हल्ल्याच्याच चाली करू देणारी चाल) बसला की एचपी भरून काढणारं सॉफ्ट-बॉइल्ड बंद, म्हणून सायस्मिक टॉस हा हल्ला हवाच. त्याचं नुकसान लेव्हलइतकं, म्हणजे 100 ठरलेलं. तोही फायटिंगच, म्हणून घोस्टला मात्र लागत नाही.