इतिहासाची पदवी आणि एमबीएचा अर्ज

अमेरिकेतल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात (जिथे एखाद्या व्यवसायाऐवजी अनेक विद्याशाखांचं व्यापक शिक्षण देतात) मी इतिहास घेऊन पदवी केली आणि चार वर्षांच्या नोकरीनंतर एमबीएला गेले. याच वाटेवरची मुलं भेटली की एक प्रश्न हमखास येतो: "ताई, बिझनेसचा एकही कोर्स केलेला नाही. अर्ज करून उपयोग आहे का?"

आहे. विल्यम्स, ॲमहर्स्ट, स्वार्थमोर अशा नावाजलेल्या कॉलेजांत बिझनेस हे मेजरच (पदवीचा मुख्य विषय) नसतं, आणि ॲडमिशन कमिटीला हे पक्कं ठाऊक असतं. एमबीएच्या पहिल्या वर्षी अकाउंटिंग, फायनान्स, मार्केटिंग सगळं मुळापासून शिकवतात. बिझनेस शिकला नाहीत म्हणून कुणी तुम्हाला मागे ढकलत नाही.

अडतं ते दुसरीकडे. आपली ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजची गुणपत्रिका) हातात घेणाऱ्याला एकच शंका येते: हिला आकडे झेपतील का? पहिल्याच सत्रात स्टॅटिस्टिक्स, अकाउंटिंग आणि फायनान्स एकदम अंगावर येतात, तेव्हा ही शंका रास्तच आहे. निबंधात "मला आकड्यांची आवड आहे" असं लिहून ती फिटत नाही. कागदावर पुरावा लागतो, आणि तो अर्जाच्या आधी दोन-तीन वर्षं जमवत आणावा लागतो.

मला हे उशिरा कळलं. दुसऱ्या वर्षी मी कॅल्क्युलस घेतलं ते पास-फेल पद्धतीने, म्हणजे ग्रेडऐवजी नुसतं पास की नापास. जीपीएला (ग्रेडच्या सरासरीला) धक्का नको, एवढाच विचार होता. पेपर चांगले गेले, प्राध्यापकांनी कौतुकही केलं, पण ट्रान्सक्रिप्टवर उमटलं फक्त एक 'पी'. तो वाचणाऱ्याला वाटणार, जेमतेम सुटली असेल. पुढे नोकरी सांभाळून, रात्री जागून मी स्टॅटिस्टिक्स आणि अकाउंटिंगचे ऑनलाइन कोर्स ग्रेडसकट केले, तेव्हा कुठे ती जागा भरून निघाली. म्हणून सांगते, कॉलेजात असतानाच एक कॅल्क्युलस, एक स्टॅटिस्टिक्स आणि एक मायक्रोइकॉनॉमिक्स करा, आणि तिन्ही लेटर ग्रेडवर (ए, बी, सी) करा. पदवी झाली असेल तर हार्वर्ड बिझनेस स्कूलचा कोअर नावाचा ऑनलाइन कार्यक्रम आहे. त्यात ॲनालिटिक्स, अर्थशास्त्र आणि फायनान्शियल अकाउंटिंग हे तीन विषय येतात. डार्टमथच्या टक स्कूलचा बिझनेस ब्रिज हा कार्यक्रमही बिगर-बिझनेस मेजरच्या मुलांसाठीच आखलेला आहे.

आता जीमॅट, म्हणजे बिझनेस स्कूलची प्रवेश परीक्षा. सध्याच्या परीक्षेत क्वांट (गणित), व्हर्बल (भाषा) आणि डेटा इनसाइट्स (दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष) असे तीन विभाग असतात, प्रत्येकी ४५ मिनिटांचे. एकूण ६४ प्रश्न, आणि गुण २०५ ते ८०५ च्या पट्ट्यात. जुन्या परीक्षेतली भूमिती आणि सेंटेन्स करेक्शन आता नाहीत, त्यामुळे कुणाची जुनी पुस्तकं मिळाली तर ती तपासूनच वापरा. क्वांटमध्ये कॅल्क्युलेटर मिळत नाही. जीआरई या दुसऱ्या प्रवेश परीक्षेत तो स्क्रीनवर मिळतो, आणि बहुतेक सगळ्या बी-स्कूल दोन्ही परीक्षा मानतात. दोन्हींची एकेक सराव परीक्षा पूर्ण वेळ लावून द्या आणि मगच ठरवा.

मी जीमॅट दिली. सुरुवातीला डेटा सफिशियन्सीच्या प्रश्नांत सारखी चुकायचे. त्यात एक प्रश्न आणि दोन विधानं दिलेली असतात. उत्तर काढायचं नसतं, उत्तर काढायला ही माहिती पुरेशी आहे का, एवढंच सांगायचं असतं. मी प्रत्येक वेळी समीकरण सोडवत बसायचे. चुकांसाठी एक वही केली होती: डावीकडे प्रश्न, मध्ये माझं उत्तर, उजवीकडे चूक का झाली. महिनाभराने उजवा रकाना वरपासून खाली वाचला तर एकच वाक्य पुन्हा पुन्हा दिसलं: 'गरज नसताना सोडवलं.' आणि एकदम उमगलं की कॉलेजात चार वर्षं मी दुसरं काय करत होते? समोरच्या कागदावरून हा निष्कर्ष निघतो का, की अजून एक साधन लागेल, हाच तर इतिहासाच्या सेमिनारमधला रोजचा प्रश्न. त्या दिवसापासून तो प्रश्नप्रकार मला आपला वाटू लागला. तत्त्वज्ञान किंवा साहित्य शिकलेल्यांनाही हीच सवय असते. ती आपल्याकडे आहे हे ओळखायला मात्र हवं.

निबंधाबाबत माझं मत ठाम आहे. 'लिबरल आर्ट्समुळे मला चौफेर विचार करता येतो' हे वाक्य लिहू नका. ते कुणीही लिहू शकतं. माझ्या पहिल्या मसुद्यात ते होतं. वाचणाऱ्या मैत्रिणीने त्याखाली पेन्सिलीने लिहिलं, "म्हणजे काय केलंस?" मग मी माझ्या प्रबंधाकडे वळले. विषय होता मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या कापडगिरण्या. १८३६ मध्ये तिथल्या कामगार मुली संपावर गेल्या. मजुरीचा दर कापलेला नव्हता, कंपनीच्या वसतिगृहातल्या राहण्या-जेवण्याचा आकार वाढवला होता. हिशेबाची वही एका रकान्यापुरती पाहिली तर काहीच बदललेलं नाही, पण हातात पडणारे पैसे घटले. नोकरीत मी पगाराची रचना ठरवणाऱ्या टीममध्ये होते, आणि तिथेही नव्या योजनेत नेमकं हेच होऊ घातलं होतं. मी ते कागदावर मांडून दाखवलं आणि योजना बदलली. माझा अख्खा निबंध एवढ्यावर उभा राहिला. तुमच्याही प्रबंधात किंवा एखाद्या सेमिनारमध्ये असा धागा असेल. शोधायला वेळ लागतो, दोन-तीन महिने हाताशी ठेवा.

शिफारसपत्रं बहुधा दोन लागतात, आणि त्यातलं एक तुमच्या थेट वरिष्ठाचं असावं अशी अपेक्षा असते. मोठ्या पदावरच्या, पण तुम्हाला नीट न ओळखणाऱ्या माणसाच्या मागे लागू नका. मी मॅनेजरांना सहा आठवडे आधी भेटले आणि एका पानावर चार प्रसंग तारखांसकट लिहून दिले.

अजून शेवटच्या वर्षाला असाल तर डिफर्ड प्रवेशाची माहिती काढाच. हार्वर्डचा टू प्लस टू, स्टॅनफर्डचा डिफर्ड एनरोलमेंट, व्हार्टनचा मोलिस ॲडव्हान्स ॲक्सेस यांत जागा आत्ता मिळते आणि वर्गात जायचं काही वर्षं नोकरी केल्यावर. येलच्या सिल्व्हर स्कॉलर्समध्ये तर पदवीनंतर लगेच पहिलं वर्ष सुरू होतं. इथे प्राध्यापकांचं पत्र चालतं, आणि छोट्या कॉलेजात प्राध्यापक आपल्याला नावानिशी ओळखतात, हा आपला मोठा फायदा. नेहमीच्या अर्जाला मात्र सप्टेंबर किंवा जानेवारीची फेरी गाठा. एप्रिलच्या फेरीत जागा थोड्या उरतात आणि व्हिसाला वेळ पुरत नाही.

व्हिसावरून आठवलं, हे फार कमी जण आधी सांगतात. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) असाल तर पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे अमेरिकेत नोकरी करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषय असेल तर आणखी २४. इतिहास, इंग्रजी, तत्त्वज्ञान यांना ती वाढ नाही. अर्थशास्त्राचं मात्र कॉलेजने ते कोणत्या सरकारी विषय-कोडखाली नोंदवलंय त्यावर ठरतं. इकॉनोमेट्रिक्सच्या ४५.०६०३ या कोडखाली असेल तर ते स्टेममध्ये धरतात. मेजर जाहीर करण्यापूर्वी इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन हा कोड विचारा. माझं ओपीटीचं वर्ष संपलं, एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव लागलं नाही, आणि उरलेली तीन वर्षं मी त्याच कंपनीच्या भारतातल्या ऑफिसात काढली. अर्जाच्या दृष्टीने त्याने काही बिघडलं नाही, पण आधी कळलं असतं तर मनाची तयारी असती. एमबीए ही वरची पातळी असल्यामुळे त्यानंतर ओपीटी नव्याने मिळतो.

आणि सध्या एखादा गणिताचा कोर्स पास-फेलवर घेतला असेल, तर तो लेटर ग्रेडवर बदलायची शेवटची तारीख रजिस्ट्रारकडे आजच विचारा. मी विचारायला गेले तेव्हा ती उलटून नऊ दिवस झाले होते.