‘गुंड्याभाऊ गेले’ एवढ्यावर थांबायचं नसेल तर : सोसायटीच्या हॉलमध्ये बाळ कर्वेंची आठवण कशी जागवायची

28 ऑगस्ट 2025, ऋषिपंचमी. आदल्या दिवशीच गणपती बसलेले, घरोघरी पाहुणे, आणि त्यात बाळ कर्वे, म्हणजे दूरदर्शनच्या जुन्या चिमणराव-गुंड्याभाऊ मालिकेतले गुंड्याभाऊ, गेल्याची बातमी आली. वय 95. दुपारपर्यंत सगळ्या ग्रुपवर तोच एक फोटो आणि खाली तेच ‘गुंड्याभाऊ हरपला’. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर त्याच्याखाली लगेच आरतीची वेळ आणि मोदकांची ऑर्डर, म्हणजे माणूस दोन मिनिटांत वर सरकून गेला. मला ते काही बरं वाटेना, मग दिवाळी उलटल्यावर आम्ही चार-पाच जणांनी मिळून हॉलमध्ये एक कार्यक्रम केला. तो कसा केला, कुठे आपटलो, ते लिहितोय. दुसऱ्या कुठल्या जुन्या नटासाठीही चालेल, फक्त नट असा हवा की ज्याचं नाव घेतलं की लोकांच्या तोंडी आधी भूमिकेचं नाव येतं.

पहिली गोष्ट, भूमिकेपासून पळू नका. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की ते ‘फक्त गुंड्याभाऊ नव्हते’ हे दाखवूया, म्हणजे नाटकांची यादी, सिनेमांची यादी, महापालिकेत इंजिनिअर होते ते. वीस मिनिटं यादी! लोक चहाकडे बघायला लागतात हो. ‘रथचक्र’ सांगा, ‘कुसुम मनोहर लेले’ सांगा, नोकरी सांभाळून नाटक करणारी ती पिढी होती हे सांगा, पण तीन मिनिटांत आटपा आणि त्यापेक्षा हॉलमध्ये विचारा की ह्यातलं कोणी काय पाहिलंय. आमच्याकडे दोन हात वर झाले आणि त्या दोघी जे बोलल्या ते यादीपेक्षा कितीतरी चांगलं होतं. बाकीचा सगळा वेळ गुंड्याभाऊला द्या. लोकांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षं एकच गोष्ट लक्षात ठेवली असेल तर तिच्यात काहीतरी दम असणार ना, तो कशात होता ते शोधायचं.

त्यासाठी पुस्तक काढा. चिं. वि. जोशी, पुण्याचे, पण आयुष्य गेलं बडोद्यात, पाली भाषेचे प्राध्यापक, आणि लिहिलं काय तर चिमणराव आणि त्याचा गुंड्याभाऊ, मालिका ह्याच विनोदी कथांवरची. आणि इथे एक फार कामाची माहिती. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, तो पुढच्या 1 जानेवारीपासून मोजायचा. चिं. वि. गेले 1963 ला, म्हणजे 2023 च्या शेवटी मुदत संपली आणि 1 जानेवारी 2024 पासून त्यांच्या कथा कोणीही जाहीर वाचाव्यात, कोणाची परवानगी लागत नाही. नव्या आवृत्तीतली दुसऱ्या कोणाची प्रस्तावना किंवा चित्रं मात्र त्यात येत नाहीत, ती वापरू नका. मालिकेच्या क्लिपचंही वेगळं आहे, घरी मोबाईलवर बघणं निराळं आणि हॉलमध्ये पडदा लावून शंभर लोकांना दाखवणं निराळं, परवानगी नसेल तर तो भाग सोडून द्या. आम्ही सोडला आणि खरं सांगतो, बरंच झालं. क्लिप लावली असती तर लोक नुसते बघत बसले असते.

तसंही त्या काळच्या दूरदर्शनचं फारसं काही हाती लागत नाही. टेप महाग, त्यामुळे जुन्यावरच नवं रेकॉर्ड करायचे, कितीतरी कार्यक्रम असेच पुसले गेले. म्हणून दुसरं काम, म्हातारी माणसं गाठा. कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी फोनचा रेकॉर्डर चालू करून बसायचं, विचारून, लपवून नाही. प्रश्न मात्र ‘मालिका कशी होती?’ असा नको. त्याचं उत्तर ‘छान होती’ असंच येतं आणि विषय संपतो. विचारायचं, टीव्ही कोणाकडे होता, तुम्ही कुठे बसायचात, तुम्हाला आत घ्यायचे की खिडकीतून बघायचात. मग बघा. आमच्या ‘बी’ विंगच्या आजी म्हणाल्या, टीव्हीवाल्यांच्या घरी पुढे बसायचं तर त्यांच्या लेकीचा अभ्यास घ्यावा लागायचा, गणितं तपासून झाली की मग चिमणराव. पुढे पंधरा मिनिटं त्या काऊच्या, म्हणजे चिमणरावाच्या बायकोच्या, नथीवर बोलल्या. मी मध्ये काही बोललो नाही, तुम्हीही बोलू नका.

ह्यात एक खाचखळगा आहे तो आधीच सांगतो. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला दिसायला लागलं, आणि चिमणराव आले सत्तरच्या दशकाच्या शेवटाला, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये. म्हणजे ही मालिका ‘अख्ख्या महाराष्ट्राने’ पाहिली वगैरे सूत्रसंचालनात ठोकून देऊ नका, मुंबई-पुण्याच्या बाहेर तेव्हा बहुतेक ठिकाणी टीव्हीच दिसत नव्हता. आमच्याकडच्या अकोल्याच्या काकूंना तर बाळ कर्वे ठाऊकच नव्हते, पण गुंड्याभाऊ पाठ! पुस्तकातून. आणि त्यांच्या सासूबाई ‘लग्न पाहावे करून’ची गोष्ट सांगायच्या म्हणे, मास्टर विनायकांचा 1940 चा सिनेमा, त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. हे ऐकलं आणि मला एकदम नवीनच काहीतरी दिसलं. गुंड्याभाऊ आधीच कोणाचा तरी होता. वाचकांच्या डोक्यात एक होता, पडद्यावर एक होऊन गेला होता, आणि त्याच्यानंतर चाळीसेक वर्षांनी कर्वे आले आणि असे बसले की आज नाव घेतलं की त्यांचाच चेहरा समोर येतो. रिकाम्या खुर्चीत कोणीही बसेल हो, पण भरलेल्या खुर्चीत जागा करून घ्यायची म्हणजे सोपं काम नाही. सूत्रसंचालकाने हा मुद्दा घ्याच.

आता वाचन, कार्यक्रमाचा जीव तो. एक कथा घ्या, ती कापून बारा मिनिटांवर आणा, वर गेलं की मागच्या रांगा गळतात. कापताना वर्णनं कापा, घरातली माणसं कापू नका. चिमणरावाचं घर म्हणजे नुसता पिंजरा, स्वतः चिमण, बायको काऊ, पोरं मोरू, मैना, राघू, आणि त्या पाखरांच्या घरात हा आडव्या अंगाचा, सोटा घेतलेला गुंड्याभाऊ. ही गंमत ऐकणाऱ्याच्या कानावर पडली पाहिजे, म्हणून सुरुवातीलाच नावं एका दमात घ्या.

कथा चिमणराव सांगतो, ‘मी’ म्हणून. त्यामुळे वाचणारे दोघं हवेत, एक चिमणराव, ज्याच्याकडे नव्वद टक्के मजकूर, आणि एक गुंड्याभाऊ, ज्याच्याकडे मोजकी वाक्यं. इथेच आम्ही आपटलो. गुंड्याभाऊ म्हणून आम्ही सोसायटीतला सगळ्यात बोलका माणूस उभा केला, आवाज दणदणीत, गणपतीत दरवर्षी निवेदन त्यांचंच. पहिल्या तालमीत त्यांनी तीन जोक स्वतःचे घातले, चिमणरावाचं वाक्य संपायच्या आत हे सुरू, आणि कथेचा पार चुथडा झाला. कोणाला समजेना की चुकतंय कुठे, कारण तसं बघायला गेलं तर ते विनोदीच बोलत होते.

दुसऱ्या तालमीला ते लग्नाला गेले (देव पावला) आणि बदली म्हणून पोस्टातून रिटायर झालेले तळमजल्यावरचे काका उभे राहिले, ज्यांचा आवाज पाच वर्षांत आम्ही फक्त पाण्याच्या टँकरच्या वेळी ऐकला होता. हातात धुणं वाळत घालायची काठी. चिमणराव आपली फजिती सांगतोय, सांगतोय, आणि काका काही न बोलता नुसती काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतात. बस. सगळे खो खो. मग लक्षात आलं की गुंड्याभाऊचं काम बोलण्याचं नाहीच, ऐकण्याचं आहे. चिमणराव जे बडबडतो ते खरं मानून लगेच मदतीला धावायच्या तयारीत उभा असलेला माणूस, आणि त्या तयारीमुळेच पुढचा घोळ होणार हे आपल्याला आधीच दिसतं. बाळ कर्वेंचं मोठेपण कोणी मला विचारलं तर मी ते काठीचं सांगेन, ‘अष्टपैलू’ हा शब्द वापरणार नाही. तुम्हीही वापरू नका, अष्टपैलू, चतुरस्र आणि ‘पोकळी’ ह्या तिघांना हॉलच्या बाहेर ठेवा.

तेव्हा नियम असा की गुंड्याभाऊसाठी कमी बोलणारा माणूस शोधा. त्याला वाक्यं पाठ करायला लावा, कागद नको, नाहीतर काठी आणि कागद दोन्ही सांभाळताना तो काठी सोडतो. एकच माइक असेल तर तो चिमणरावाला. काठी जमिनीवर आपटायची फक्त एकदा, शेवटाकडे, आणि खाली सतरंजी नको, फरशी हवी.

फोटोचं. एकट्या कर्वेंचा फोटो लावा, पण बाजूला चिमणराव-गुंड्याभाऊ जोडीचाही लावा आणि त्यातून मालिकेतल्या चिमणरावाला, म्हणजे दिलीप प्रभावळकरांना, कापू नका, आमच्या फ्लेक्सवाल्याने कापले होते, अर्धा खांदा राहिला होता, परत छापावा लागला. जोडीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणणारच की एक पुढे टिपरे आबा झाला, मुन्नाभाईतला गांधी झाला, आणि दुसरा गुंड्याभाऊच राहिला, बिचारा. आमच्याकडेही म्हणाले. हा सूर लागू देऊ नका. प्रभावळकरांना वेगवेगळी माणसं मिळाली आणि त्यांनी ती केली, फारच भारी केली, पण म्हणून कर्वेंच्या वाट्याला कमी आलं असं कसं म्हणता? ज्याला हे पटत नाही त्याच्याशी चहाच्या वेळी भांडा, स्टेजवर नको.

बाकी किरकोळ. एकूण वेळ सव्वा तास. समई लावणार असाल तर त्यावरचा पंखा बंद करा. भाषणाला अध्यक्ष नेमू नका, अध्यक्ष नेमला की अध्यक्षीय होतंच. रेकॉर्ड केलेल्या आठवणींतून दोन-दोन मिनिटांचे तुकडे काढून वाचनाच्या आधी ऐकवा, आणि ज्यांचा आवाज लावताय त्यांना पहिल्या रांगेत बसवा, आजी स्वतःचाच आवाज ऐकून ‘ही कोण गं?’ म्हणाल्या तेव्हा सगळा हॉल हसला. परदेशातल्या मंडळांनी ऑनलाइन करायचं तर वाचणारे दोघं एकाच खोलीत, एकाच कॅमेऱ्यासमोर हवेत, नाहीतर ऐकणारा गुंड्याभाऊ स्क्रीनवर दिसतच नाही, जो बोलतो तोच मोठा होतो.

खाऊला बटाटेवडा ठेवा, कागदी डिशमध्ये, चटणी सुकी. आणि काठी ज्या घरातून आणली असेल तिथे त्याच रात्री परत द्या. आमची हॉलमध्येच राहिली, किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी गावाला, आणि काकांच्या घरचं धुणं दोन दिवस खुर्च्यांवर.