कारखान्याने अटी पाळल्या का? सहामाही अहवाल मागा

गावाशेजारी मोठी खाण किंवा रासायनिक कारखाना आला की आपण धुळीची, सांडपाण्याची तक्रार करतो. मंजुरीपत्र मात्र क्वचितच वाचतो. खरी ताकद त्यातल्या अटींत असते. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार, पूर्व-पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पाने या अटींच्या पालनाचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. हा अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहे, तेव्हा तो मागताना संकोच नको.

आधी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर मंजुरीपत्र शोधा. अहवाल तिथे मिळाला नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. म्हणून ‘प्रदूषणाची सर्व माहिती द्यावी’ असं मोघम कधीही लिहू नका. हमखास मोघमच उत्तर येतं. प्रकल्पाचं नाव, मंजुरीपत्राचा क्रमांक, तारीख आणि कोणत्या सहामाहीचा अहवाल हवा, एवढं नेमकं लिहा. कागद फार असतील तर प्रतींऐवजी फाइल प्रत्यक्ष पाहायला मागा, तोही आपला हक्कच आहे. जाताना मंजुरीपत्राची प्रत सोबत ठेवा आणि एकेक अट अहवालाशी ताडून पाहा.