सेंद्रिय आणि नैसर्गिक शेतीचे अनुदान : या चुका टाळा

ठाणे, ऐरोली, नेरूळ अशा ठिकाणी राहणाऱ्या आणि मुरबाड, शहापूर किंवा भिवंडी तालुक्यात वडिलोपार्जित जमीन असलेल्या कुटुंबांना सेंद्रिय व नैसर्गिक शेतीच्या योजनांची कागदपत्रे जुळवून देण्याचे काम मी गेली काही वर्षे करते आहे. माणसे बदलतात, चुका मात्र त्याच असतात. त्यांतल्या बहुतेक चुका घाईतून होतात, म्हणून त्या सविस्तर लिहून ठेवाव्यात असे वाटले.

सर्वांत आधी रकमेचा हिशेब नीट समजून घ्यावा. परंपरागत कृषी विकास योजना 2015-16 पासून सुरू आहे आणि ती 20 हेक्टरच्या गटासाठी असते. सध्याच्या निकषांनुसार तीन वर्षांसाठी हेक्टरी 31,500 रुपये असे जे लिहिलेले दिसते, त्यातले 15,000 रुपयेच निविष्ठांसाठी, म्हणजे सेंद्रिय खते-बियाण्यांसारख्या साहित्यासाठी, शेतकऱ्याच्या खात्यात येतात, तेही तीन वर्षांत मिळून आणि कमाल 2 हेक्टरपर्यंत. उरलेली रक्कम प्रशिक्षण, प्रमाणीकरण आणि विक्रीव्यवस्था यांवर खर्च होते. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानात एकरी दरवर्षी 4,000 रुपये असे दोन वर्षे मिळतात आणि मर्यादा एका एकराची आहे. या पैशाच्या भरवशावर नोकरी सोडण्याचा विचार करणारी तरुण मुले मला भेटली आहेत, आणि त्यांना हे आकडे आधी कोणीच फोड करून सांगितलेले नव्हते, याचे मला फार वाईट वाटते. दोन्ही योजना गटांमार्फत चालतात, त्यामुळे आपल्या गावात मंजूर गट आहे का, हे सहायक कृषी अधिकाऱ्यांना, म्हणजे कालपर्यंतच्या कृषी सहायकांना, विचारल्याशिवाय पुढचे काहीही करू नये.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत घातक चूक, ती म्हणजे शेताची नोंदवही हंगाम संपल्यावर एका बैठकीत भरणे. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या पीजीएस या सहभाग हमी पद्धतीत बाहेरचा निरीक्षक दर वेळी येत नाही. किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो आणि त्या पाहणीच्या बळावर प्रमाणपत्र मिळते. सगळी व्यवस्था शेजाऱ्याच्या प्रामाणिकपणावर उभी असल्यामुळे वहीला इथे फार मोल आहे.

मुरबाड तालुक्यातल्या एका गटाच्या पाहणीला मी हजर होते. सगळ्यांच्या वह्या नव्याकोऱ्या, एकाच हस्ताक्षरात आणि एकाच शाईत भरलेल्या होत्या. जुलैतल्या एका तारखेला सर्वांनी एकरी 200 लिटर जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेले द्रावण, दिल्याची नोंद होती. त्याच आठवड्यात नदीचे पाणी चढून खालच्या अंगाची भातखाचरे बांधासकट बुडाली होती, हे गावातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक होते. त्यानंतर आम्ही प्रत्यक्ष शेतांवर गेलो. एका सभासदाच्या बांधावर, अगदी सरळ रेषेत, हातभर रुंदीचा गवताचा पट्टा पिवळा पडलेला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे गवत हिरवेगार होते. तणनाशकाचा पंप बांधावरून नेल्याशिवाय असा पट्टा पडत नाही. ‘बांधावर मारले, भातावर नाही’ असे त्याचे म्हणणे होते, पण बांधावरचे पाणी शेवटी खाचरातच उतरते. त्या वर्षी गटाचे प्रमाणपत्र अडकले, आणि ज्या बायांनी शेण-गोमूत्र गोळा करून, खरोखर कष्टाने जीवामृत केले होते, त्यांनाही त्याची झळ बसली. त्या बायांचे चेहरे मला अजून आठवतात आणि म्हणूनच वही मागाहून भरू म्हणणाऱ्या माणसाशी मी आजही कठोरपणे बोलते.

माझी सवय सांगते. वही घराच्या ओटीवर, कॅलेंडरच्या खिळ्याला पेनासकट दोरीने बांधून ठेवावी आणि शेतावरून आल्यावर पाय धुण्यापूर्वी एक ओळ लिहावी: काय दिले, किती दिले, कोणत्या तुकड्यात दिले. पावसामुळे काम झाले नसेल, तर तेही लिहावे. खाडाखोड असलेली, चिखलाचे बोट उमटलेली वही पाहणाऱ्याला अधिक पटते. गूळ आणि बेसन विकत आणल्याच्या पावत्या त्याच वहीत डकवाव्यात.

दुसरी चूक बँक खात्याची. ‘बँकेत आधार दिले आहे’ आणि ‘आधारशी थेट लाभाचे खाते जोडलेले आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कितीही वेळा सांगितले तरी लोकांच्या ध्यानात राहत नाही. अर्जात कोणताही खाते क्रमांक लिहा, आधारावर आधारित रक्कम शेवटी जोडलेल्या खात्यातच जाते. ऐरोलीच्या एका काकांनी गावच्या पासबुकात पैसे दिसत नाहीत म्हणून कित्येक महिने कृषी कार्यालयात खेपा घातल्या. शोध घेतल्यावर असे निघाले, की सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन त्यांच्या नावे एक खाते उघडले होते आणि रक्कम मुकाट्याने तिथे जमा होत होती. काकांना त्या खात्याची कल्पनाच नव्हती. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती मोफत दिसते. अर्ज करण्यापूर्वी ती पाहावी, आणि चुकीचे खाते दिसल्यास आपल्या बँकेत जाऊन जोडणीचा अर्ज लेखी द्यावा व पोच घ्यावी.

सातबाऱ्यावर आजोबांचे नाव तसेच असेल, तर वारस नोंदीचा फेरफार आधी करून घ्यावा. जमीन सामाईक असेल, तर भावंडांची संमतिपत्रे सणासुदीला सगळे गावी जमतात तेव्हाच सह्या करून ठेवावीत, कारण एक भाऊ डोंबिवलीला आणि दुसरा सुरतेला गेल्यावर ते काम वर्षभर रखडते. क्षेत्र वाचताना 0.40.00 म्हणजे 40 आर, म्हणजे साधारण एक एकर, हे लक्षात ठेवावे. ते 40 हेक्टर समजून अर्ज भरलेला मी पाहिला आहे.

शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, नसेल तर कृषी योजनांचा अर्ज पुढे सरकत नाही.

ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची मोबाइलवरून करायची नोंद, ठाण्यात नौपाड्यातल्या घरी बसून होत नाही. ॲपमध्ये पिकाचा फोटो शेताच्या हद्दीत उभे राहूनच काढावा लागतो. भात उभे असतानाच गावी जावे आणि भातानंतर वाल किंवा चवळी घेतली, तर रब्बीची नोंद पुन्हा स्वतंत्र करावी.

ठिबक संचासाठी महाडीबीटी या राज्याच्या योजनांच्या संकेतस्थळावर अर्ज केला असेल, तर पूर्वसंमती हाती येईपर्यंत खरेदी करू नये. ‘संच आज घ्या, बिल नंतर जुळवून देतो’ असे सांगणारा विक्रेता तुमच्या सोयीचे बोलत नसतो. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची असली, की अर्ज तिथेच बाद होतो आणि संचाचे पूर्ण पैसे घरातूनच जातात.