कोंबड्यांची टोचाटोची आणि पायाच्या पिसांच्या जखमा : या चुका टाळा

गेल्या श्रावणात एका सकाळी खुराड्याचं दार उघडलं, तर तुसावर रक्ताचे थेंब. आमची ब्रह्मा जातीची कोंबडी एक पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात उभी होती आणि दोन गावठी तलंगा (तरण्या कोंबड्या) मान तिरकी करून तिच्या दुसऱ्या पायाकडे टक लावून बघत होत्या. उचलून घेतल्यावर दिसलं, बाहेरच्या बोटावरचं एक कोवळं पीस मधोमध मोडलं होतं. त्याच्या जांभळट नळीतून रक्त ठिबकत होतं, आणि आजूबाजूची पिसं भिजून बोटाला चिकटली होती.

मी जखम धुतली, मलम लावलं आणि तिला परत आत सोडलं. दुपारी पाहिलं तर बोटाची कातडी सोललेली होती. पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

औषध लावून परत कळपात सोडू नका

कोंबडीला लाल रंग चटकन दिसतो आणि लाल दिसलं की ती चोच मारतेच. एकीने मारली की बाकीच्या येतात. त्यात दुष्टावा नसतो. जमिनीवरचा दाणा किंवा किडा जसा टिपायचा, तसंच ते असतं. पण रक्ताची चव लागली की तासाभरात साध्या ओरखड्याचा खड्डा होतो. म्हणून मलम, हळद, डॉक्टर, सगळं नंतर. आधी कोंबडी बाहेर काढायची.

बाहेर काढायची म्हणजे नजरेआड करायची नाही. तिला वेगळ्या खोलीत आठ-दहा दिवस ठेवलं तर कळपातलं तिचं स्थान जातं आणि परत सोडल्यावर बाकीच्या तिला परकी समजून बडवतात. आमच्याकडे डालगं (कोंबड्या झाकायची मोठी टोपली) आहे, ते मी खुराड्याच्या जाळीला लागूनच ठेवते. खाली कोरडं गोणपाट, वर सावली, आत पाण्याची वाटी. ती त्यांना दिसते, त्या तिला दिसतात, चोच तेवढी पोचत नाही.

कोवळं पीस उपटू नका

पायावर पिसं असणाऱ्या जातींची ही खास अडचण आहे. ब्रह्मा, कोचिन, सिल्की यांच्या नडगीवर आणि बोटांवर पिसं येतात. (ब्रह्माचं नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलं असलं तरी ही जात घडली १९व्या शतकात अमेरिकेत.) गावठी, गिरीराज किंवा कडकनाथ कोंबडीची नडगी उघडी असते. त्यामुळे मिश्र कळपात त्या पायाशी हलणाऱ्या झालरीवर सगळ्यांचं लक्ष जातं.

नवं पीस वाढत असतं तेव्हा त्याच्या नळीत जिवंत रक्तपुरवठा असतो. नळी निळसर-जांभळी दिसते आणि हाताला मऊ लागते. वाढ पूर्ण झाली की रक्त आटतं, नळी पांढरी आणि पोकळ होते. मग ते पीस कापलं तरी कोंबडीला कळत नाही, आपण नखं कापतो तसं. कोवळं पीस मोडलं तर मात्र उघडी रक्तवाहिनीच हाती आल्यासारखं असतं.

ते मुळासकट उपटलं की रक्त थांबतं, असं पुष्कळ जण सांगतात. पायावर असं करू नये. तिथली कातडी पातळ आणि हाडाला चिकटलेली असते, पिसाबरोबर तीही फाटते. माझ्या सासूबाई त्या सकाळी मागून म्हणाल्या होत्या, “अगं, धुतेस काय आधी? हळद घाल आणि दाबून धर.” त्यांचंच बरोबर होतं. स्वच्छ कापडाच्या घडीवर हळद किंवा कॉर्नफ्लॉवर घ्यायचं, मोडलेल्या नळीवर ठेवायचं आणि पाच मिनिटं घड्याळ लावून दाबायचं. मध्ये उचलून बघायचं नाही. उचललं की धरलेली खपली सुटते आणि सगळं पहिल्यापासून. दोन किलोच्या कोंबडीच्या अंगात जेमतेम सव्वाशे ते दीडशे मिलीलीटर रक्त असतं. आपल्याला थोडं वाटणारं रक्त तिच्या दृष्टीने थोडं नसतं. पंधरा मिनिटं दाबूनही ठिबकत राहिलं तर तशीच उचलून दवाखान्यात न्यावी.

पिसं परत कधी येणार, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मुळासकट निघालेल्या पिसाच्या जागी साधारण सहा ते आठ आठवड्यांत नवं येतं. अर्धवट मोडलेलं पीस मात्र पुढच्या पिसंझडीपर्यंत तसंच खुंट होऊन राहतं, कारण मूळ जागेवर असेपर्यंत नवं उगवत नाही. ‘दोन महिने झाले, खाणं चांगलं आहे, तरी पिसं का येत नाहीत’ याचं कारण बहुतेक वेळा ते खुंट असतात.

घरात जे हाताला लागेल ते जखमेवर ओतू नका

रक्त थांबलं की मग धुवायचं. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट पाऊण चमचा मीठ घालायचं. हेच पाणी सिरिंजने जखमेवर सोडायचं, कापसाने घासायचं नाही. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावलं की झालं. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज लावलं तर नवी येणारी कातडीही जळते. रॉकेल, डिझेल, फिनेल यांचा जखमेशी काहीही संबंध नाही. दुखू नये म्हणून माणसांची बधिर करणारी मलमं लावण्याचा मोह होतो, पण त्यातली औषधं पक्ष्यांना सहज बाधतात.

जांभळं औषध, म्हणजे जेन्शन व्हायोलेट, लाल रंग झाकायला चांगलं म्हणून सर्रास वापरतात. ज्या कोंबडीची अंडी घरात खाल्ली जातात तिला मी ते लावत नाही. खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांमध्ये ते वापरू नये, असंच मला डॉक्टरांनी सांगितलं. लाल झाकायला हळद आणि खोबरेल तेलाचा लेप पुरतो, आणि कोंबडी वेगळी असेल तर झाकायची घाईही नसते.

पट्टी बांधताना चिकटपट्टी वापरू नका. सोडवताना ती उरलेली पिसं घेऊन निघते. जाळीदार गॉज ठेवून त्यावर स्वतःलाच चिकटणारी जनावरांची पट्टी सैलसर गुंडाळा. तासाभराने बोटाचं टोक हाताला गार किंवा सुजलेलं लागलं तर पट्टी आवळली आहे. आणि पावसाळ्यात एवढं सगळं करून पाय ओलाच राहिला तर उपयोग नाही. पिसांत पाणी धरून राहतं. मी जुन्या पंच्याने टिपते, मग हेअर ड्रायर अगदी मंद करून वीतभर अंतरावरून फिरवते. ब्रह्मा मांडीवर शांत बसते, डोळेसुद्धा मिटते.

पावसाळ्यातली दुसरी भीती माश्यांची. उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली की एका दिवसात अळ्या होतात. दिवसातून दोनदा पिसं बाजूला करून बघा आणि वास घ्या. अळ्या दिसल्या तर चिमट्याने वेचून मिठाच्या पाण्याची धार सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गुरांना घालतात तसं टर्पेंटाइन कोंबडीच्या जखमेत घालू नका.

दर वेळी टोचाटोचीच समजू नका

पिसं कुठली गेली आहेत ते आधी बघा. पाठ आणि मानेचा मागचा भाग दोन्ही बाजूंनी सारखा उघडा पडला असेल तर कोंबड्याची नखं कारण असतात. एका कोंबड्याला आठ-दहा कोंबड्या हव्यात. चार कोंबड्यांत दोन कोंबडे असले तर त्या बिचाऱ्यांच्या पाठी सोलून निघणारच. छाती-पोटाची पिसं गेली आणि कोंबडी खुडूक असेल तर ती तिने स्वतःच काढलेली असतात, अंड्यांना ऊब लागावी म्हणून. डोक्यापासून सुरू होऊन मान, छाती, पाठ, पंख, शेपूट अशी ओळीने गळती होत असेल तर ती वार्षिक पिसंझड, आठ ते बारा आठवडे चालणारी. गुदद्वाराभोवतीची पिसं काळपट, मळकट आणि हलती दिसली तर त्या उवा किंवा बारीक गोचिड्या.

काही किडी दिवसा अंगावर सापडतच नाहीत. रात्री दहाला बॅटरी घेऊन जा, बसायच्या दांड्याच्या सांध्यांत आणि खालच्या बाजूला पांढरा कागद घासा. कागदावर लाल-तपकिरी रेघ उमटली तर तुमचा त्रास लाकडाच्या फटींमध्ये आहे. अशा वेळी कोंबडीला कितीही औषध लावा, खुराडं साफ केल्याशिवाय सुटका नाही.

पायाच्या पिसांबाबत एक गोष्ट हमखास सुटते. नडगीवरचे खवले उचललेले, खडबडीत, खाली पांढरट भुकटी, असं दिसत असेल तर ती खवल्यांखाली बिळं करणाऱ्या किडीची लागण आहे. उघड्या पायाच्या कोंबडीत हे लांबून दिसतं, ब्रह्मात पिसांमुळे महिनोन्‌महिने झाकलेलं राहतं. खाज सुटते, कोंबडी स्वतःच पाय टोचते, पिसं गळतात, आणि दोष शेजारणीवर जातो. खवले नखांनी खरवडू नका, खाली रक्त येतं. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवा, मऊ टूथब्रशने घासा, पुसून कोरडे करा आणि खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली दाट लावा. एक दिवसाआड, तीन ते चार आठवडे. दोनदा लावून थांबलं तर उरलेली अंडी फुटतात आणि खेळ पुन्हा सुरू होतो. सगळ्या कळपाचे पाय तपासा.

बोटाभोवती चिखलाचा गोळा वाळला असेल तर ओढून काढू नका. नख आणि कोवळी पिसं त्याच्याबरोबर येतात. भिजवा, विरघळू द्या.

जखम बरी केली, कारण तसंच ठेवलं

डॉक्टरांनी आमची ब्रह्मा पाहिली आणि औषधाआधी विचारलं, “ताई, खायला काय घालता?” मी म्हटलं, कण्या आणि मका. ते म्हणाले, “मग त्या पिसं खाणारच.”

पीस जवळजवळ सगळं प्रथिनाचंच असतं, आणि त्याला गंधक असलेली अमिनो आम्लं लागतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं हवीत. मक्यात ती साधारण ८-९ टक्के असतात, कण्यांत त्याहूनही थोडी कमी. पोट भरतं, पण पिसांची भूक भागत नाही, मग शेजारणीचं पीस गोड लागतं. तयार लेयर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, हे मुख्य जेवण असू द्या, कण्या संध्याकाळी मूठभर. त्याला जोड म्हणून तिळाची पेंड चांगली, तिच्यात मेथिओनिन हे गंधकवालं अमिनो आम्ल भरपूर असतं. बिनखारवलेला सुका जवळाही चालतो. खारवलेली मासळी मात्र नको, जास्तीचं मीठ कोंबडीला मारक आहे. शेंगदाण्याची पेंड पावसाळ्यात वास घेऊनच घाला, बुरशी लागलेली पेंड सरळ फेकायची.

दुसरं कारण मला स्वतःला सापडलं. त्या दिवसांत चिपळूणला पाऊस उघडलाच नव्हता आणि मी नऊ दिवस कोंबड्या आत कोंडल्या होत्या. अकरा जणी, साधारण बावीस चौरस फुटांत. व्यावसायिक शेडमध्ये डोई दोन चौरस फूट जागा चालवतात, पण तो हिशेब दिवसभर मोकळं फिरणाऱ्या कोंबडीला लावता येत नाही. जिला रोज पालापाचोळा उकरायची सवय आहे ती कोंडली गेली की समोर दिसेल ते उकरते, आणि समोर होती पायाची झालर. आता पडवीला जाळी मारून पत्रा टाकलाय. खाली वाळका पाला आणि तूस वीतभर, त्यात मूठभर दाणे विखरून द्यायचे. कोबीचा गड्डा दोरीने मानेच्या उंचीवर टांगते, दुपार त्यात जाते. एका कोपऱ्यात राख आणि कोरडी माती, अंग घोळवायला. खाद्याची भांडी एकाऐवजी तीन, वेगवेगळ्या कोपऱ्यांत, म्हणजे दांडगी कोंबडी सगळ्यांवर पहारा करू शकत नाही.

अंडी घालायच्या खोक्यावर लख्ख उजेड पडत असेल तर गोणपाटाचा पडदा लावा. अंडं घालताना मागचा भाग क्षणभर बाहेर, ओला आणि लाल दिसतो. उजेडात तो दिसला की तिथे चोच बसते आणि ही जखम पायाच्या जखमेपेक्षा कितीतरी वाईट. आतडं ओढून कोंबडी मरते. रात्री आत मोठा दिवा ठेवायची गरज नाही.

चोच कापायचा सल्ला पुष्कळ देतील. घरी कात्रीने चोच कापणं म्हणजे कोंबडीला आणखी एक रक्ताळलेली जखम देणं, कारण चोचीच्या आत नसा आणि रक्तवाहिन्या असतात. त्याऐवजी दोन दिवस बसून बघा. बहुतेक वेळा टोचणारी एकच असते. जखमी कोंबडीला काढलं तसं तिलाही चार दिवस वेगळं काढा, पण हिला खरोखर नजरेआड ठेवा. परत आल्यावर तिची जागा खाली गेलेली असते आणि तोरा उतरतो. आमच्याकडे ती तांबडी तलंग होती.

तुऱ्यावर आणि गालावर खपल्या दिसल्या तर थांबा, टोचल्याची खूण समजून तेल लावत बसू नका. चामखिळीसारख्या उंच, करड्या-काळ्या गाठी म्हणजे कोंबड्यांचा देवीचा रोग असू शकतो, आणि तो कळपात पसरतो. खाणं बंद झालं, पाय गरम आणि सुजलेला, तळव्यात काळी घट्ट खपली, जखमेला घाण वास, यांपैकी काहीही असेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना किंवा १९६२ ही जनावरांच्या डॉक्टरांची हेल्पलाइन. प्रतिजैविक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत, ते तिथेच विचारून घ्या. माणसाची उरलेली गोळी अर्धी करून घालू नका.

परत सोडायची वेळ म्हणजे खपली पडून कातडी कोरडी आणि फिकी झाल्यावर. रात्री अंधार पडला की हळूच उचलून दांड्यावर बाकीच्यांमध्ये ठेवायची. कोंबड्यांना अंधारात दिसत नाही, सकाळी एकत्रच जाग येते. पहाटे दार उघडायला मात्र आपण हजर असायचं. ब्रह्माला मी एकोणिसाव्या रात्री ठेवलं. सकाळी तांबडी तिच्याजवळ गेली, पायाकडे पाहिलं आणि पाल्यात दाणे उकरायला निघून गेली. बोटावर निळसर नळ्यांची नवी पिसं फुटली तेव्हा पुढचे तीन आठवडे त्यांवर रोज संध्याकाळी हळद-तेलाचा लेप लावला, नळ्या पांढऱ्या होईपर्यंत.