ओट्यासमोरचं मॅट घेताना

जळगावात प्लास्टिकच्या चटया बनतात, त्यामुळे खान्देशात घरोघरी तीच चटई स्वयंपाकघरातही अंथरलेली दिसते. जेवायला बसायला ती उत्तमच. पाणी शोषत नाही, झटकली की स्वच्छ. पण ओट्यासमोर, उभं राहायच्या जागी ती नको. भरताच्या फोडणीचं तेल सांडलं की पातळ चटई गुळगुळीत फरशीवरून सरकते, आणि हातात गरम कढई असेल तर हे फार धोक्याचं आहे.

तिथे खालून रबराचा थर असलेलं मॅट घ्या. दुकानातच फरशीवर टाकून पायाने जोर देऊन ढकलून बघा. सरकलं तर घेऊ नका. मग उलटं करून कडा तपासा. गोट नुसता चिकटवलेला असेल तर तो धुण्यात सुटतो, पक्की शिवण हवी. कोपरा दुमडून सोडा. तो लगेच सपाट झाला नाही, तर रोज तिथेच ठेच लागणार.

जाड फोमचं मॅट पायांना सुखाचं, पण सुरी पडली की चिरतं. तागाचं मोरीजवळ नकोच, ओल धरतं.

पुरणाचे मांडे करायला खाली चूल पेटवणार असाल तर प्लास्टिकची चटई आधी उचला. ती ज्या प्लास्टिकची असते ते पॉलिप्रॉपिलीन साधारण 160 अंश सेल्सिअसला वितळतं.

आणि धुतल्यावर सावलीत वाळवा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात रोज पडून राहिलं की प्लास्टिक आणि रबर दोन्ही कडक होऊन तडकतात.