शेवटच्या गाडीवरून: रविवारच्या गौताळा राईडची तयारी

बाईकच्या ग्रुप राईडला पुढं लीडर असतो, त्याला रस्ता दिसतो. मी सगळ्यात मागं, स्वीपला, मला तुमच्या पाठी दिसतात. आणि पाठीवरून लई कळतं बरं का, कुणाची झोप झाली नाही, कुणाची चेन लोंबायली, कुणी बॅग एकाच खांद्याला अडकवलीय अन् ती वळणावळणाला घसरायली. दरवेळी तेच तेच बघून शेवटी म्हटलं लिहूनच टाकू, म्हणजे रविवारी कन्नडच्या पुढं रस्त्याच्या कडेला बसून एकमेकांची तोंडं बघायची वेळ येणार नाही.

आधी रस्ता डोक्यात घ्या. संभाजीनगरहून पडेगाव, मिटमिटा, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, कन्नड, तिथून काळीमठाकडून पितळखोऱ्याची लेणी, परत कन्नडला येऊन औट्रम घाट खाली-वर, मग गौताळ्याचं अभयारण्य आणि घर. दोनशे किलोमीटरच्या आसपास होतं. हायवेवर हे काहीच नाही, पण यात तीन घाट, लेणीच्या पायऱ्या आणि जंगलातला रस्ता आहे, म्हणजे दिवस पुरा जातो. नवीन चौपदरीनं तासाभरात कन्नड येतं हे मलाही माहितीय, पण आपण मुद्दाम जुन्या रस्त्यानं चाललोय, किल्ल्याच्या भिंतीजवळून सकाळी गाडी काढायची मजा चौपदरीवर नाही.

आता गाडी. शनिवारी सकाळी बघा, शनिवारी रात्री नाही, कारण रात्री काही सापडलं तर मेकॅनिक कुठून आणणार? टायरच्या खाचेत बारीक उंचवटा असतो, रबर झिजून तिथपर्यंत आलं असेल तर टायर गेलं समजा, पावसाळ्यानंतरच्या घाटात असं टायर घेऊन येऊ नका. हवा टायर थंड असताना भरायची, मागं कुणी बसणार असेल तर मागच्या टायरला जास्त, आकडा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर नाहीतर मॅन्युअलमध्ये असतो. चेन साफ करून तेल द्या, ताण बघा. दोन्ही ब्रेक, हॉर्न, इंडिकेटर आणि मागचा ब्रेकलाइट, हा ब्रेकलाइट कुणीच तपासत नाही कारण स्वतःला दिसत नाही, मला मात्र दिवसभर तोच बघायचा असतो! क्लचची केबल जुनी असेल तर नवीन टाका आणि जुनी फेकू नका, सीटखाली ठेवा.

पंक्चरचं जरा नीट ऐका. मागच्या वर्षी एका भावानं झकास पंक्चर किट आणलं होतं, ती रबराची वात घुसवायची अन् हवा भरायची. काळीमठाच्या जवळ त्याचंच चाक बसलं, आम्ही सगळे किट घेऊन गोळा झालो आणि मग लक्षात आलं की गाडीला तारांची चाकं आहेत, आत ट्यूब आहे, वात घुसवून काय करणार? दीड तास गेला, एकजण कन्नडला जाऊन चाक बनवून आला. तर ज्यांची चाकं तारांची आहेत त्यांनी स्पेअर ट्यूब आणा, आपल्या मापाची, बाकीच्यांनी वात आणि छोटा पंप. टूलकिट सगळ्यांनी आणायची गरज नाही, माझ्याकडं असतं.

पेट्रोल आदल्या दिवशीच फुल करा. ग्रुपमधले वीसजण पंपावर रांगेत उभे राहिले की अर्धा तास तिथंच जातो अन् ऊन चढतं. कन्नडला परत टाकी बघू, त्यानंतर जंगलाच्या बाजूला पंपाची आशा धरू नका.

अंगावर काय, तर हेल्मेट आयएसआयचं आणि पट्टा लावलेलं, मागं बसणाऱ्यालाही. पट्टा न लावता नुसतं डोक्यावर ठेवलेलं मागून लगेच कळतं, डुलत असतं. जॅकेट नसेल तर जाड जीन्सचा शर्ट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. चप्पल, सँडल घालून आलात तर नाक्यावरूनच परत पाठवीन, मग रुसू नका. रेनकोट पँटसकट आणा, सप्टेंबरचा पाऊस म्हसोबासारखा, कधी अंगात येईल सांगता येत नाही. लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी फोनमध्ये असेल तर आधी उघडून बघा, घाटात रेंज गेली की डिजिलॉकर नुसता फिरत बसतो.

चालवायचं कसं हीसुद्धा तयारीच आहे. सरळ रस्त्याला डावा-उजवा असं तिरपं चालायचं, पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर, आणि घाट लागला की एकच रांग. जिथं वळायचं तिथं लीडर त्याच्या मागच्याला थांबवणार, तो माणूस मी येईपर्यंत तिथून हलणार नाही, मग सू लागो नाहीतर फोन येवो. दोन वर्षांपूर्वी एकजण 'सगळे गेले वाटतं' म्हणून निघाला आणि मागचे चौघं चुकीच्या फाट्याला गेले. सगळे म्हणजे मी धरून सगळे.

औट्रम घाट, जेम्स आउट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाचा. 2021 च्या ऑगस्टअखेर इथं दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, 2023 मध्ये कोर्टाच्या आदेशानं जड गाड्यांना बंदी आली, म्हणून घाट मोकळा असेल असं धरू नका, वळणावर कारवाले ओव्हरटेक करतातच. उतरताना दुसरा-तिसरा गिअर, न्यूट्रल नाही. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्याच्या मागच्या ब्रेकचा जळका वास मी पूर्ण घाटभर घेतलाय, किती पेट्रोल वाचलं देव जाणे. कडेचं शेवाळ अन् बारीक खडी यांच्यापासून लांब, आणि सेल्फी फक्त लीडर थांबेल तिथंच.

पितळखोऱ्याला पायऱ्या उतरायच्या अन् परत चढायच्या, म्हणून पाणी दोन लिटर प्रत्येकी आणि ओआरएसची पाकिटं. सेंट, डिओ मारून येऊ नका, कड्याला मधमाश्यांची पोळी असतात. लेणी सातवाहन काळातली, तिथला यक्षाचा दगडी पुतळा आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्याच्यावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय, कान्हदास, धंद्यानं सोनार. हे मी तिथं सांगणारच आहे, आत्ताच सांगितलं म्हणजे तिथं घाम पुसत ऐकायला नको.

गौताळ्यात हॉर्न नाही, स्पीकर नाही, प्लास्टिक परत बॅगेत. 2021 साली यवतमाळकडच्या टिपेश्वरहून एक वाघ चालत इथं आला होता, बिबटे तर आहेतच, पण आपल्याला बहुतेक म्हशीच आडव्या येणार, त्यांना घाई नसते. मका वाळत घातलेल्या रस्त्यावर ब्रेक दाबायचा नाही, हळू जायचं, आणि ती कुणाची तरी कमाई आहे, वरून गाडी नेऊ नका.

खायला धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, ज्याच्या घरून जे होईल ते, एकदम जास्त आणू नका, जेवून झोप येते. येताना दौलताबादला सीताफळं घेणारच तुम्ही, माहितीय, तर टोपली नको, कडक फळं घ्या, आणि टाकीवरच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळून ठेवा, मागच्या वेळी एकाच्या बॅगेत रबडी झाली होती.

साडेपाचला नगर नाका, सहाला निघणार. हवा भरूनच या, त्या वेळी पंक्चरवाला झोपलेला असतो.